अकॉर्डियन आलं आणि गावोगावची वाद्यं गप्प झाली

खर्ज (धागाकर्ता)

गेलं वर्षभर एक नेम ठेवला आहे. रोज रात्री तासभर कुठल्या ना कुठल्या देशाचं लोकसंगीत ऐकायचं. आयर्लंड झालं, फिनलंड झालं, ब्राझील, कोलंबिया, लेसोथो झालं, आणि आता एक गोष्ट डोक्यातून जात नाही. जावं तिथे अकॉर्डियन. भाषा वेगळी, हवा वेगळी, नाच वेगळा, आणि छातीवर बांधलेली पेटी मात्र तीच.

व्हिएन्नाच्या सिरिल डेमियनने या नावाचं पेटंट घेतलं ते १८२९ मध्ये. म्हणजे वाद्य जेमतेम दोनशे वर्षांचं. त्याआधी ही माणसं गात नव्हती का? गात होती, आणि त्या गाण्याला साजेशी वाद्यंही त्यांच्याकडे होती. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये मेरेंगे हे नाचाचं संगीत तारवाद्यांवर वाजायचं. १८७० नंतर तंबाखूच्या व्यापारातून जर्मन अकॉर्डियन तिथे पोचलं आणि तारवाद्यं मागे सरली. फिनलंडमध्ये एकाच लाकडातून कोरलेलं पाच तारांचं कांतेले होतं, ते आता मुद्दाम शोधावं लागतं. अमेरिकेत लुइझियानाच्या फ्रेंच बोलणाऱ्या केजन लोकांत आधी फिडल, म्हणजे व्हायोलिन, मुख्य होतं. दहा बटणांचं अकॉर्डियन आलं आणि फिडलवाल्यांना आपल्या तारा एक सूर खाली उतरवाव्या लागल्या, कारण अकॉर्डियनचा सूर हलत नाही. ज्या चाली त्या दहा बटणांत बसेनात, त्या मागे पडल्या. पाहुणा आला आणि घरच्यांनाच सरकून बसावं लागलं.

माझा खरा आक्षेप सुरांबद्दल आहे. लोकगायकाचा गळा दोन सुरांच्या मधे कुठेतरी थांबतो, तिथेच त्या गावाची ओळख असते. कारखान्यातून आलेल्या पेटीला ती मधली जागा ठाऊक नाही. मींड नाही, सूर हळूच चढवणं नाही. आयर्लंडचे संगीतकार शॉन ओ रियादा यांनी १९६२ च्या आपल्या रेडिओ व्याख्यानांत अकॉर्डियनवर कडाडून टीका केली होती. परक्यांनी बनवलेलं, आणि ज्यांना याहून चांगलं वाद्य शिकायला वेळ नाही, चिकाटी नाही अशा शेतकऱ्यांसाठी बनवलेलं, असा त्यांचा सूर होता. शब्द कडू आहेत, पण रोख मला पटतो. आपल्याकडेही याच कारणाने रेडिओवर पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी होती. ती बंदी घालणारे सगळेच अडाणी नव्हते.

विरोधी मतं ऐकायला आवडतील.

डफवाला

खर्ज, विरोधी मत घ्या.

तुम्ही ओ रियादांचं म्हणणं दिलंत ते बरं झालं, कारण सगळा घोळ त्यातच आहे. ‘शेतकऱ्यांसाठी बनवलेलं’ हा दोष कधीपासून झाला? दिवसभर शेतात राबणाऱ्याला संध्याकाळी नाचायचं आहे. गावातले चाळीस-पन्नास लोक, मोकळं अंगण, माइक नाही. त्याला असं वाद्य हवं की एकट्याने वाजवलं तरी चाल, ताल आणि खालचा खर्ज असं सगळं मिळेल, दमट हवेत उतरणार नाही आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल. तुमची तारवाद्यं त्या अंगणात ऐकू येत नव्हती हो. लोकांनी अकॉर्डियन उचललं ते कुणी डोक्यावर लादलं म्हणून नव्हे, कामाचं होतं म्हणून.

आणि त्याला नावं ठेवणारे कोण होते तेही बघा. बास्क प्रदेशात त्रिकितिशा, म्हणजे छोटं अकॉर्डियन आणि डफली, यावर पोरंपोरी एकत्र नाचायला लागली तेव्हा पाद्र्यांनी त्या वाद्याला ‘नरकाचा भाता’ म्हटलं. केप व्हर्देमध्ये अकॉर्डियन आणि लोखंडी पट्टीवर सुरी घासून वाजणारं फुनाना पोर्तुगीज राजवटीत गावंढळ म्हणून हिणवलं गेलं. १९७५ मध्ये स्वातंत्र्य मिळालं आणि मग तेच देशाचं संगीत म्हणून मानाने स्टेजवर आलं. दरवेळी तक्रार सुरांची असते आणि राग असतो तो वाजवणाऱ्यावर. आपल्याकडे तमाशाच्या बाबतीत आपण हे पाहिलेलं नाही का?

खर्ज

डफवाला, पाद्र्यांच्या बाजूला मला बसवू नका. लोकांनी आनंदाने स्वीकारलं हे मला मान्य आहे. पण आनंदाने स्वीकारलेल्या गोष्टीनेही नुकसान होतं. पत्र्याचं छप्पर लोकांनी आनंदानेच घातलं, म्हणून कौलं गेली नाहीत असं होत नाही.

दर्यावर्दी

मी अठरा वर्षं मालवाहू जहाजांवर होतो. एकदा कोलंबियात सांता मार्ताला आमचं जहाज कोळसा भरायला थांबलं. बंदराबाहेर एका खानावळीत संध्याकाळी तिघे जण वाजवत बसले होते. एकाच्या दोन्ही गुडघ्यांत छोटा ढोल, त्याला काहा म्हणतात. दुसऱ्याच्या हातात खाचा पाडलेली वेताची काठी, ती तो तारांच्या काट्याने खरवडत होता. ती ग्वाचाराका. तिसऱ्याकडे तीन ओळी बटणांचं होनर कंपनीचं अकॉर्डियन. मी अगदी त्याच्या कोपराशी बसलो होतो म्हणून दिसलं ते सांगतो. या अकॉर्डियनमध्ये बटण तेच, पण भाता दाबला की एक सूर आणि ओढला की दुसरा. त्यामुळे चाल वाजवायची तर भाता सारखा आत-बाहेर करावा लागतो, आणि त्या झटक्यांतूनच ताल निघतो. त्याच्या डाव्या मनगटावर पट्ट्याचा घट्टा पडलेला होता. उजव्या हाताची बोटं मी बघतच नव्हतो. सगळं गाणं त्या डाव्या हातात होतं.

हे वाद्य जर्मनीहून आलं खरं. पण ढोल आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांचा, वेताची काठी तिथल्या मूळ रहिवाशांची, आणि तिघांचं मिळून जे झालं ते वायेनातो. गुराखी अकॉर्डियन खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचे आणि इकडच्या बातम्या तिकडे गाण्यातून सांगायचे. वाद्य आलं नसतं तर ही परंपराच नसती. मग ती कुणाला गप्प करून आली, खर्ज?

आणि नियम किती कडक! वायेदुपार शहरात १९६८ पासून दरवर्षी उत्सव भरतो. अकॉर्डियनवाल्याला पासेओ, मेरेंगे, सोन आणि पुया असे चारही प्रकार वाजवून दाखवावे लागतात, साथीला फक्त काहा आणि ग्वाचाराका. जो जिंकतो तो त्या वर्षीचा राजा. पहिला राजा आलेहो दुरान. १९८७ मध्ये सगळ्या जुन्या राजांची स्पर्धा झाली, तेव्हा लोकांच्या मनात जिंकणारा तोच होता. वाजवता वाजवता त्याच्याकडून एक चूक झाली. तो थांबला आणि समोरच्या लोकांना म्हणाला की मी स्वतःच स्वतःला बाद केलं आहे. परीक्षकांनी काही म्हणायच्या आधी. ज्या संगीतात माणूस एका चुकलेल्या जागेसाठी राजांच्या राजाचं पद सोडतो, तिथे सूर कारखान्यातून आलेत म्हणून ते उसने कसे म्हणायचे?

मृद्गंध

फक्त एक दुरुस्ती. कांतेले अकॉर्डियनमुळे मागे पडलं हे बरोबर नाही. पश्चिम फिनलंडमध्ये ते काम फिडलने आधीच केलं होतं. अकॉर्डियन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलं. कांतेले जास्त टिकलं ते पूर्वेला, कारेलियाच्या बाजूला. आणि ‘शोधावं लागतं’ म्हणालात, तर हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत १९८३ मध्ये लोकसंगीताचा विभाग सुरू झाला, तिथे कांतेले नव्याने उभं राहिलं. त्या विभागाच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत मारिया कालानिएमी होती. तिचं वाद्य अकॉर्डियन.

खर्ज

मृद्गंध, कांतेलेबद्दल माझी चूक झाली, दुरुस्ती मान्य. ते वाक्य मागे घेतो.

दर्यावर्दी, दुरानची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. वायेनातोबद्दल मी हरलो असं समजा. जिथे अकॉर्डियनच्या पोटातूनच परंपरा जन्मली तिथे माझा आक्षेप लागू नाही. पण जिथे आधीपासून काही होतं तिथे तो उरतोच, विशेषतः बारा सुरांचा. ज्या संगीतात बारा सुरांच्या मधल्या जागा आहेत, तिथे हे वाद्य जाऊन काय करणार? एक तर खोटं बोलणार, नाहीतर त्या जागा बुजवणार.

काळी चार

आता माझ्या अंगणात आलात. मी पेटी वाजवते, आणि तुमचं हे ‘बारा सूर कारखान्यात पक्के’ प्रकरण पेटी उघडून बघितल्याशिवाय केलेलं विधान आहे.

माझ्या पेटीचा गांधार तानपुऱ्याशी सतत भांडायचा. शेवटी दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. त्यांनी वरची फळी काढली, पितळेच्या रीडांची रांग उघडी केली, आणि एका रीडच्या जिभेखाली पातळ पत्र्याची पट्टी सरकवली. मग बारीक पात्याने जिभेच्या मुळाशी दोन ओरखडे. बस. मुळाशी खरवडलं की सूर उतरतो, टोकाशी खरवडलं की चढतो. फुंकर मारून पितळेची धूळ उडवली आणि म्हणाले, आता सा लावून बघ. गांधार असा काही बसला होता की मला पुढे वाजवावंसंच वाटेना, नुसती ऐकत राहिले. पितळेची दोन चिमट्या धूळ, एवढाच फरक होता तुमच्या कारखान्याच्या आणि माझ्या सुरात. डॉ. विद्याधर ओक यांनी तर २२ श्रुती वाजणारी पेटी करून दाखवली.

अकॉर्डियन आणि पेटी या सख्ख्या बहिणी आहेत, दोघींच्या पोटात हीच जीभ. इजिप्तमध्ये लोकांनी हेच केलं. त्यांच्या मकामांना, म्हणजे आपल्या रागांसारख्या स्वररचनांना, पाव सूर लागतात, तर कैरोच्या वादकांनी अकॉर्डियनचे रीड खरवडून पाव सूर काढले. हसन अबू अल-सऊद ऐका. भाता एवढा हळू आणि बेताने चालतो की सूर हुंदक्यासारखा येतो. अझरबैजानचं गार्मोन हे अकॉर्डियन तिथलं रागासारखं मुगाम वाजवतं. कोलंबियातसुद्धा होनर कारखान्यातून येतं तसं वाजवत नाहीत, तिथले कारागीर ते उघडून आपल्या कानाला बरं वाटेल असं लावून घेतात. वाद्य कुणाचं हे पेटंटवर ठरत नाही. ते उघडायची हिंमत आणि कान कुणाकडे आहे त्यावर ठरतं.

मींड नाही, हे मात्र खरं आहे. ते मी रोज भोगते, आणि कुणी गायला बसलं की त्याच्या मींडेच्या वेळी पेटी जरा मागे घेते. साथ म्हणजे तेच.

डफवाला

काळी चार, काय लिहिलंत! एक भर घालतो. आपल्याकडे अकॉर्डियन सिनेमात शिरलं, गुडी सीरवाई, केर्सी लॉर्ड, पुण्याचे एनॉक डॅनियल्स यांच्यासारख्यांनी गाजवलंही, पण गावात काही ते गेलं नाही. माझ्या मते कारण बैठक. जिथे जोडीने नाचतात तिथे वाजवणारा उभा असतो, वाद्य खांद्याला हवं. आपलं भजन मांडी घालून. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी पायपेटीची हातपेटी केली आणि ती भजनी मंडळाच्या सतरंजीवर जाऊन बसली. गोंधळात मात्र संबळ आणि तुणतुणं अजून आहेतच, पेटीने त्यांना उठवलं नाही. खर्ज, पाहुणा आला की घरचे उठतातच असं नाही.

खर्ज

संबळाचा मुद्दा चांगला आहे. पण संबळ टिकला कारण गोंधळ हा विधी आहे, देवीपुढे वाद्य बदलून चालत नाही. करमणुकीच्या गाण्याला ते संरक्षण नसतं. डॉमिनिकन तारवाद्यांमागे कुठली देवी उभी नव्हती. लुइझियानाच्या त्या चाली, ज्या दहा बटणांत मावल्या नाहीत, त्यांचं दुःख मला आहे आणि राहील. त्या उघडून, खरवडून परत येत नाहीत, काळी चार.

एवढं बोलून, काल रात्री काय ऐकलं ते सांगतो. अमेदे आर्दवां आणि डेनिस मगी यांची १९२९ ची लुइझियानाची रेकॉर्डिंगं. अकॉर्डियन वाजवणारा कृष्णवर्णीय, फिडलवाला गोरा, आणि काळ असा की दोघांना एका पंगतीला बसणं अवघड. अमेदेला पुढे गोऱ्या लोकांनी अमानुष मारलं असं तिकडे सांगतात, १९४२ मध्ये तो सरकारी इस्पितळात वारला. मी फिडल ऐकायला बसलो होतो, त्याच्यावर काय अन्याय झालाय ते शोधायला. फिडल अकॉर्डियनच्या मागोमाग चालतं, तालाला धरून, कुठे पुढे येत नाही. आणि वर अमेदे इतक्या उंच आवाजात आर्त गातो की दोन्ही वाद्यं त्याच्या खाली हात धरून उभी आहेत असं वाटतं. तीनदा ऐकलं. शीर्षक बदलत नाही, पण आज रात्री हसन अबू अल-सऊद लावतो.

काळी चार

लावा. आणि आधी तानपुरा सुरू करू नका, त्यांचा सा तुमच्या सा वर नसेल.