सल्ला हवा : आठवीतल्या मुलींना 'हंगर गेम्स' दाखवावा का?

शिट्टी_तीन
शनिवारी लेकीच्या पाच मैत्रिणी मुक्कामाला येताहेत. सगळ्या तेरा-चौदाच्या. 'द हंगर गेम्स'चा पहिला भाग (२०१२ चा) लावायचा, हे त्यांचं परस्पर ठरलंय. मी गोष्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. बारा ते अठरा वयाची चोवीस पोरं जंगलात सोडायची, एक उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचं, आणि बाकीच्यांनी ते टीव्हीवर बघायचं! लोकांच्या पोरी आहेत, उद्या कुणाच्या आईचा फोन आला तर काय सांगू? शिवाय धाकटा दहा वर्षांचा आहे, तो मध्ये येऊन बसणारच. पाहिलेल्यांनीच सांगा. 'आमच्या वेळी आम्ही काय काय पाहायचो' हे नको, प्लीज.

खिडकीची_जागा
बिनधास्त लावा. अमेरिकेत पीजी-१३ आहे, म्हणजे तेराखालच्यांच्या पालकांनी जपून ठरवायचं. आपल्याकडच्या जुन्या सेन्सॉर दाखल्यांवरून फार काही कळत नाही, तेव्हा यूए (मुलांनी पालकांच्या देखरेखीत बघायचा) एकच होतं. ७+, १३+, १६+ हे पोटभाग २०२४ च्या नियमांत आले.

कोपऱ्यावरची
मी इंग्लंडात असते. इथे १२ए (बाराखालच्यांनी मोठ्यांसोबत बघायचा) मिळावं म्हणून सात सेकंद कापले होते. म्हणजे काय, तर रक्ताचे शिंतोडे आणि जखमांवरचं, हत्यारांवरचं रक्त पुसून टाकलं. तसंच ठेवलं असतं तर १५, म्हणजे पंधराखालच्यांना बंदच. मरणारी पोरं तेवढीच, फक्त फरशी पुसलेली! मला तेच जास्त खटकलं होतं.

लेक बारा वर्षांचा असताना आम्ही एकत्र पाहिला. खेळ सुरू होतो तिथे पहिली कत्तल आहे. कॅमेरा नुसता हलतो, आवाज जवळजवळ बंद, कोण कुणाला मारतंय धड दिसत नाही. ते त्याने पॉपकॉर्न खात बघितलं. रू जाते तेव्हा मात्र उशीत तोंड खुपसलं. खेळातलीच बारा वर्षांची चिमुरडी, भाला लागतो, आणि नायिका कॅटनिस तिच्याभोवती रानफुलं मांडत बसते. रक्त फारसं नाही. तरी दोन रात्री 'दिवा राहू दे' चाललं होतं.

धाकट्याला नकोच. शेवटी ते कुत्र्यासारखे प्राणी अंगावर येतात, तेवढ्यासाठी तरी.

खिडकीची_जागा
दहाव्या वर्षी मी याहून भयंकर

शिट्टी_तीन
@खिडकीची_जागा, आधीच विनंती केली होती हो :)

तिसरी_घंटा
आठवी-नववीला शिकवतो. या वयाच्या मुलांना मारामारीचं काही वाटत नाही, अन्याय मात्र झोंबतो. आणि सिनेमात तोच भरलाय. खेळात कुणाला पाठवायचं याची नावांची सोडत असते, पण गरीब घरातल्या मुलाने जास्तीचं धान्य-तेल घेतलं की त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या वाढतात. कॅटनिसचा मित्र गेल, त्याच्या बेचाळीस आहेत. सिनेमात हे एका वाक्यात उडून जातं, तिथे पॉज करून मुलींना सांगा. रेशनची रांग पाहिलेल्या पोरींना लगेच कळेल.

सोडतीचा प्रसंग तुम्ही स्वतः आधी बघा. कॅटनिसच्या धाकट्या बहिणीचा, प्रिमचा शर्ट मागून बाहेर आलेला असतो. नाव पुकारल्यावर ती पुढे चालता चालता तो आत खोचते. तिथे तुम्हाला जे होईल, त्यावरून ठरवा.

अवांतर : यातला तीन बोटांचा सलाम थायलंडमध्ये २०१४ च्या लष्करी उठावानंतर निदर्शकांनी उचलला होता.

कोपऱ्यावरची
+१. आणि पुढचे भाग ओळीने लावू नका. तिसऱ्यापासून पीटाचे (कॅटनिसच्या जोडीने खेळात गेलेला मुलगा) हाल आणि युद्ध सुरू होतं, ते जड आहे.

शिट्टी_तीन
रविवार सकाळचा अपडेट. पाचही आयांना आधी मेसेज टाकला. एकीने नको म्हटलं, तिची लेक जेवून नऊला घरी गेली, जरा हिरमुसली होती. धाकट्याला आजीकडे पाठवलं, आईस्क्रीमच्या लाचेवर.

मी स्वयंपाकघरात भांडी लावत अर्धं लक्ष ठेवून होते. रूच्या वेळी सगळ्या गप्प. नंतर प्रश्नांची सरबत्ती. एकीला पीटाचं पटलं नाही, एकीला टोपीवाल्या बाईचे कपडे हवे होते. लेकीने मात्र झोपताना विचारलं, "आई, ते आईबाबा नुसते रांगेत उभे का राहतात गं?" म्हटलं, बंदुका असतात ना समोर. तर म्हणे, "पण ते किती तरी जण होते."

मला पुढे काही सुचलं नाही. दुसरा भाग दिवाळीच्या सुट्टीत. तेव्हा हाच धागा वर काढते.