नायजेल हॉथॉर्न – सर हम्फ्री सोडून काय बघावं?

पडद्यामागचा
सध्या 'यस मिनिस्टर' ही ब्रिटिश राजकीय विनोदी मालिका पुन्हा बघायला घेतलीय आणि नायजेल हॉथॉर्नने पार वेड लावलंय. पॉल एडिंग्टनचा मंत्री पण भारीच, पण हॉथॉर्नचा सर हम्फ्री, म्हणजे त्या मंत्र्याचा बडा सरकारी सचिव, एकेक वाक्य असं सुरू करतो की ते कुठे जाऊन टेकणार याचा मंत्र्याला पत्ता नाही आणि आपल्यालाही नाही, आणि सगळा गुंता करून झाला की चेहऱ्यावर आज्ञाधारक हसू. नंतर जरा शोधलं तर कळलं की १९८० ला मालिका आली तेव्हा हा गडी पन्नास वर्षांचा होता! तोवर काय करत होता? आणि नट म्हणून एवढा तगडा, तर सिनेमात मोठ्या रोलमध्ये इतका कमी का दिसतो? लांबलचक यादी नको, खरंच बघण्यासारखं एखाद-दुसरं सुचवा.

तिसरी घंटा
तोवर उमेदवारी करत होता, दुसरं काय. जन्म १९२९ चा, कॉव्हेंट्रीत, पण वडील डॉक्टर, ते सगळं बिऱ्हाड घेऊन केप टाउनला गेले, त्यामुळे हा वाढला तिकडेच. पुढे नाटकासाठी लंडन गाठलं, डाळ शिजली नाही, परत दक्षिण आफ्रिका, मग पुन्हा लंडन. जोन लिटलवुड या दिग्दर्शिकेच्या 'थिएटर वर्कशॉप' नाटकमंडळीत काम केलं, पण नावाची चर्चा व्हायला सत्तरचं दशक उजाडलं. १९७७ च्या 'प्रायव्हेट्स ऑन परेड' नाटकातल्या मेजरला सहाय्यक भूमिकेचं बक्षीस मिळालं.

आणि ती हम्फ्रीची वाक्यं म्हणताय ना, मालिका स्टुडिओत प्रेक्षक बसवून शूट व्हायची. म्हणजे अर्धं पान लांबीचं वाक्य, समोर माणसं, हशा कधी येईल त्यावर पुढचा श्वास ठरणार. हे नाटकवाल्याचंच काम. या एका रोलसाठी चार बाफ्टा (ब्रिटनचे सिनेमा-टीव्हीचे पुरस्कार) घेतलेत त्याने, उगीच नाही.

रांग क्र. ७
सिनेमात का नाही याचं उत्तर 'शॅडोलँड्स'. लेखक सी. एस. लुईसवरचं नाटक, लंडनला केलं, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला केलं, १९९१ चा टोनी हा नाट्यपुरस्कार घेतला. आणि सिनेमा निघाला १९९३ ला तेव्हा रोल कुणाला? अँथनी हॉपकिन्सला, कारण त्याला नुकतंच ऑस्कर मिळालेलं आणि पैसे लावणाऱ्यांना तिकीटबारीवर चालणारं नाव पाहिजे असतं. हॉपकिन्सने वाईट केलंय असं नाही हं, पण ज्याने दोन देशांत तो माणूस उभा केला त्याने थिएटरात तिकीट काढून बघायचं म्हणजे कठीणच आहे.

म्हणून तर स्टॅलोनच्या 'डिमॉलिशन मॅन'मध्ये तो झगा घालून हिंडताना दिसतो. हॉलिवूडला तोंडओळख असावी, म्हणजे पुढचा रोल तरी हातचा जाणार नाही, हा हिशोब. तो पुढचा रोल म्हणजे वेड लागलेला इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज.

इनमीन_तीन
@रांग क्र. ७ अर्धं पटलं. जॉर्ज त्याच्याकडे राहिला तो स्टॅलोनमुळे नाही, लेखक ॲलन बेनेट अडून बसला म्हणून. नाटक त्याचं, आणि त्याची अटच होती की सिनेमात हॉथॉर्नच राजा आणि निकोलस हाइटनरच दिग्दर्शक, आणि हाइटनरने तोवर एकही सिनेमा केलेला नव्हता! लेखक असा पाठीशी उभा राहिला तर नटाचं भलं होतं, एवढंच काय ते.

पडद्यामागचा
म्हणजे 'द मॅडनेस ऑफ किंग जॉर्ज' ना? तो बघण्यासारखा आहे का? इतिहासपट म्हटलं की मला झोप येते.

तिसरी घंटा
मालक, झोप येणार नाही. १९९४ चा आहे, आजच लावा. एक सीन सांगते, बाकी नाही सांगत. डॉक्टर विलिस (इअन होम) येतो आणि नियम लावतो की राजाने शिस्त मोडली की खुर्चीत बांधायचं. सुरुवातीला राजा गडगडतोय, मी इंग्लंडचा राजा आहे म्हणून, आणि डॉक्टर शांतपणे सुनावतो की नाही, तुम्ही पेशंट आहात. हातपाय आवळतात, डोकं पट्ट्यात, तोंडात बोळा, आणि मागे हँडेलचं राज्याभिषेकाचं संगीत फुल्ल आवाजात. कॅमेऱ्यापुढे उरतात फक्त त्याचे डोळे. हम्फ्रीच्या डोळ्यांतला तो बेरकीपणा ज्याने बघितलाय त्याला हे डोळे बघवत नाहीत. याला ऑस्कर नॉमिनेशन होतं, पण त्या वर्षी टॉम हँक्स 'फॉरेस्ट गंप' घेऊन बसलेला, काय करणार. बाफ्टा मात्र मिळालं.

रांग क्र. ७
+१. त्या ऑस्करच्या सुमारासच त्याच्या खाजगी आयुष्यावर पेपरवाल्यांनी धाड घातली. ट्रेव्हर बेंथमबरोबर कित्येक वर्षं गुपचूप संसार चालला होता, कुणाला त्रास नाही, आणि आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या संधीच्या तोंडावर हेडलाइन काय तर तो समलिंगी आहे. अभिनयाबद्दल छापायचं सोडून. अजूनही वाचलं की डोकं फिरतं.

इनमीन_तीन
शेवटी १९९९ ला 'किंग लिअर' पण केला, जपानी दिग्दर्शक निनागावाकडे, रॉयल शेक्सपिअर कंपनीबरोबर. वादळाच्या सीनला स्टेजवर वरून दगड पडायचे. समीक्षकांनी झोडपलं, म्हणे लिअर फार मऊ. माझं मत विचाराल तर त्याची ताकद त्या मऊपणातच होती, पण कुणाला पटवायला जात नाही. त्याच वर्षी सर झाला, आणि २००१ च्या २६ डिसेंबरला गेला. आधी जॉर्ज बघा, मग वेळ मिळाला तर १९९९ चाच 'द विन्सलो बॉय', त्यात तो वडील आहे आणि आवाज चढवतच नाही.

पडद्यामागचा
जॉर्ज आज रात्रीच. 'डिमॉलिशन मॅन' लहानपणी बघितलेला, त्यातला तो झगेवाला हाच होता हे आत्ता कळतंय!