डिसाइड, डिटर्मिन, रिझॉल्व्ह: आणि आईची ‘जिद’

धरमपेठची अनुवादक:
एका महिला शेतकऱ्याची इंग्रजी हकिगत मराठीत आणते आहे. त्यात एक वाक्य आहे, त्याचा आशय असा: बाईंनी आधी डिसाइड केलं, मग त्या डिटर्मिन्ड राहिल्या, आणि पुढे दुष्काळात त्यांचा रिझॉल्व्ह पारखला गेला. लेखिकेनं तीन शब्द मुद्दाम वेगळे घेतले आहेत, म्हणून मलाही तीन वेगळे हवेत. पहिल्या खर्ड्यात लिहिलं, ‘निर्णय घेतला, जिद्दीनं टिकल्या, निर्धाराचा कस लागला.’ आईला वाचून दाखवलं. ती जन्माची नागपूरची. म्हणाली, “जिद त लहान पोट्टे करतेत. शहानी बाई कायले जिद करन?” मी म्हटलं, जिद्द हा चांगला गुण आहे. तिला ते पटलं नाही. मग माझ्याही लक्षात आलं, लहानपणी ‘जिद करू नको’ हे मी रोज ऐकलंय, आणि ‘जिद्दीनं शिकली’ हे फक्त पुस्तकात वाचलंय. तुमच्या घरी काय म्हणतात?

महालकर:
ताई, आईचं खरं आहे आणि तुमचंही. शब्द मूळ अरबी, अर्थ ‘विरुद्ध’. हिंदीत तो हट्टापाशी थांबला, मराठीनं त्याला वर उचलून गुण केला. आपण दोन्हींच्या सीमेवर राहतो. इतवारीत ‘जिद’ ऐकू येते, शाळेच्या निबंधात ‘जिद्द’ दिसते. एका द-नं एवढा फरक!

मी बरीच वर्षं गृहनिर्माण संस्थेची इतिवृत्तं लिहिली, म्हणून रिझॉल्व्हबद्दल सांगतो. ‘असे ठरले’ आणि ‘ठराव मंजूर झाला’ यांत आम्ही काटेकोर फरक करायचो. पाण्याची टाकी रविवारी धुवायची, हे ठरतं. ठरावाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो, मतं मोजावी लागतात. कंपनी कायद्यात तर विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूनं पडावी लागतात. म्हणून तुमच्या वाक्यात रिझॉल्व्हला हलका शब्द नको. संविधानाच्या उद्देशिकेत ‘सॉलेम्न्ली रिझॉल्व्ह्ड’साठी मराठीत काय आहे ते आठवा: ‘संकल्पपूर्वक निर्धार करून’. हिंदीनं ‘दृढ़संकल्प होकर’ म्हटलं. मराठीनं दोन शब्द शेजारी ठेवले, मला तेच जास्त भावतं.

मूळ शोधणारा:
माझा आवडता विषय. तिन्ही शब्द लॅटिन, आणि तिन्हींतली चित्रं निराळी आहेत. डिसाइडमध्ये ‘कापणे’ आहे, इन्सिजनमध्ये आहे तेच. एक फांदी ठेवायची, बाकीच्या छाटायच्या. डिटर्मिनमध्ये ‘टर्मिनस’ आहे, म्हणजे हद्द. रोमन लोकांनी तर हद्दीचा देवच मानला होता, त्याचंही नाव टर्मिनस. आणि रिझॉल्व्हमध्ये ‘सोडवणे, सैल करणे’ आहे. गणित सॉल्व्ह करतो त्यातलंच सॉल्व्ह.

आता मराठी बघा. आपण मनाशी खूणगाठ बांधतो! इंग्रजी माणूस गाठ सोडवून पक्का होतो, आपण गाठ मारून. निर्धारात ‘धृ’, म्हणजे धरणे. निर्णयात ‘नी’, म्हणजे नेणे. धान्य निवडणे आणि निवाडा एकाच घरचे. त्यामुळे शब्दाला शब्द जोडून हे वाक्य कधीच बसणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

अजनीची डॉक्टर:
‘सैल करणे’वरून आठवलं. मेडिकलला शिकताना न्युमोनियाचे जुने चार टप्पे पाठ केले होते, त्यातल्या शेवटच्या टप्प्याचं नाव रिझोल्यूशन. फुफ्फुसात घट्ट झालेलं सगळं विरघळत जातं आणि हवा पुन्हा आत शिरते. वॉर्डात आम्ही म्हणायचो, ‘रिझॉल्व्ह होतोय.’ एका पेशंटच्या सासूबाईंनी घाबरून विचारलं होतं, काय होतंय? मी म्हटलं, “सुटतोय, आजी.” त्यांना लगेच कळलं. तेव्हा हा शब्द पहिल्यांदा खरा समजला.

डिटर्मिनेशनवर एक सावधगिरी. प्रत्येक सोनोग्राफी सेंटरवर पाटी असते, ‘गर्भलिंगनिदान’ केले जात नाही. तिथे डिटर्मिनेशन म्हणजे निदान. राष्ट्रांच्या बाबतीत सेल्फ डिटर्मिनेशन म्हणजे स्वयंनिर्णय. आणि खेळाडूच्या बाबतीत जिद्द. तिन्ही ठिकाणी इंग्रजीत एकच शब्द.

शुद्धलेखन:
एवढी चर्चा झाली, पण मुळात ‘डिसाइड केलं’ असं मराठीत लिहायचंच कशाला? ‘ठरवलं’ चार अक्षरांचं आहे, सोपं आहे, आपलं आहे. माझी नात म्हणते, ‘आजोबा, मी डिसाइड करून सांगते.’ मी तिला प्रत्येक वेळी थांबवतो. भाषा अशीच हळूहळू जाते.

महालकर:
काका, तुमची कळकळ समजते. पण मग जिद्दही जाईल, इरादा जाईल, फैसला जाईल. मनसुबाही जाईल, तो तर अरबी बुद्धिबळातला, पटावर मांडलेल्या कोड्याचं नाव. हे सगळे बाहेरून आले आणि घरचे झाले.

शुद्धलेखन:
ते आले तेव्हा जागा रिकामी होती. ‘ठरवणे’ असताना ‘डिसाइड’ला जागा नाही. फरक आहे.

अजनीची डॉक्टर:
निर्णय, निश्चय, निर्धार, संकल्प असताना जिद्दीला तरी कुठे रिकामी जागा होती, काका?

काटोलकर:
आमच्या संत्र्याच्या बागेत याला फार साधा शब्द आहे. आम्ही बहार ‘धरतो’. बहार म्हणजे झाडाची फुलं-फळं धरायची पाळी. पावसाळ्याच्या तोंडाचा मृग धरायचा की हिवाळा सरतानाचा आंबिया, हे एकदा पक्कं करायचं. मग ‘पाणी तोडायचं’. मृगासाठी ऐन एप्रिल-मे महिन्यात झाड तहानेलं ठेवायचं, त्याला ताण म्हणतात. भारी जमिनीत जास्त दिवस, हलकीत कमी. पानं मलूल होतात, गळतात. शेजारचा येऊन म्हणतो, “काऊन रे भाऊ, झाडं मारतं का?” हात पाण्याच्या मोटरकडे जातो. तो मागे घ्यायचा. माझे वडील त्या दिवसांत बागेत एकटे फिरायचे, घरात कोणाशी बोलायचे नाहीत. तोडणंही आलं, धरणंही आलं. वर ज्या दादांनी कापण्याचं लिहिलं, त्यांनी एकदा आमच्याकडे यावं.

मूळ शोधणारा:
नक्की येतो. ‘निर्धार’ आणि ‘बहार धरणे’ यांत एकच धातू आहे, हे आजवर सुचलंच नव्हतं.

दीक्षाभूमीजवळचा:
आपल्या गावातलं याहून मोठं उदाहरण कोणी घेतलं नाही, म्हणून लिहितो. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ ला, इथे. मध्ये २१ वर्षं आणि एक दिवस. या काळाला ‘निर्णय’ म्हणणं मला अपुरं वाटतं. तो निर्धार होता.

महालकर:
पण येवल्यात निर्णय झाला होताच ना?

दीक्षाभूमीजवळचा:
सोडायचं, हे झालं होतं. कुठे जायचं, हे जाहीर झालं नव्हतं. वर सांगितलेल्या अर्थानंच बघा: येवल्यात कापलं, म्हणजे डिसाइड. नंतरच्या अभ्यासातून हद्द आखली गेली, म्हणजे डिटर्मिन. आणि दीक्षेच्या वेळी ज्या २२ दिल्या, त्यांना आम्ही ठराव म्हणत नाही, संकल्पही नाही. ‘प्रतिज्ञा’ म्हणतो. माझ्या आजीला लिहिता येत नव्हतं, बावीसच्या बावीस पाठ होत्या. त्या शब्दाच्या जागी दुसरा कुठलाही चालणार नाही.

शुद्धलेखन:
हे पटलं. ‘प्रतिज्ञा’ किती भारदस्त शब्द आहे. पण तो इंग्रजी ‘व्हाऊ’साठी, म्हणजे शपथेसाठी. ताईंच्या वाक्यात व्हाऊ नाही.

धरमपेठची अनुवादक:
सगळ्यांचे आभार, वही भरली. आईपाशी पुन्हा बसले होते. ती म्हणते, “तिनं ठानून घेतलं, असं लिही.” मला ते फार आवडलं, पण छापतील का?

शुद्धलेखन:
ती सरळ हिंदी आहे. ठानना. नको.

मूळ शोधणारा:
‘ठाण मांडणे’ मराठी आहे, काका. ते ‘स्थान’वरून आलं.

शुद्धलेखन:
ठाण मांडून माणूस बसतो. ठानून घेतो तो वेगळा.

अजनीची डॉक्टर:
आमच्याकडेही ‘ठानलं’ म्हणतात. माझ्या आईचं माहेर अमरावतीचं.

धरमपेठची अनुवादक:
शनिवारी मजकूर द्यायचाय. ‘निर्णय’ तसाच ठेवला, ‘निर्धार’ तसाच. ‘जिद्द’ खोडली, मधली जागा अजून कोरी आहे.

काटोलकर:
ताई, त्या बाईंनी दुष्काळात कोणता बहार धरला होता? मृग का आंबिया?

धरमपेठची अनुवादक:
इंग्रजीत ते लिहिलंच नाही. बाईंचा नंबर मिळवला आहे, उद्या फोन करून विचारते.