मसाई पशुपालकांसाठी हवामान न्यायाचे साहित्य : काही शंका

साखळीचा भूगोल शिक्षक

नमस्कार. मी गोव्यात साखळीजवळच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात भूगोल शिकवतो. येत्या मार्चमध्ये एका शैक्षणिक देवाणघेवाण कार्यक्रमातून दहा आठवड्यांसाठी केनियातील काजियादो काउंटीत जाण्याचे ठरले आहे. तेथील मसाई पशुपालकांच्या वस्त्यांमध्ये हवामान न्यायाविषयी जाणीवजागृती करणाऱ्या एका स्थानिक गटाला सचित्र साहित्य तयार करून देणे, हे माझ्याकडे आलेले काम आहे.

त्यासाठी मी बारा तक्त्यांचा एक संच केला. हरितगृह वायूंपासून सुरुवात, मग तापमानवाढ, पावसाचे बिघडलेले चक्र, आणि शेवटच्या तक्त्यावर ‘ज्यांनी धूर सोडला नाही त्यांनाच झळ का?’ हा प्रश्न. सराव म्हणून गेल्या महिन्यात सत्तरी तालुक्यातील एका धनगरवाड्यावर, संध्याकाळचे दूध काढून झाल्यावर जमलेल्या पंधरा-वीस माणसांसमोर तो मांडला. अकरा तक्ते त्यांनी निमूटपणे पाहून घेतले. बारावा उलगडल्यावर एका बाईंनी विचारले, “मग भरपाई कोण देतो, आणि अर्ज कुठे करायचा?” मला उत्तर देता आले नाही, आणि तेव्हापासून साऱ्या संचावरचाच माझा विश्वास डळमळला आहे.

माझ्या शंका अशा. सुरुवात विज्ञानापासून करावी की नाही? गुरांमुळेच मिथेन वाढतो असे कोणी म्हटल्यास काय सांगावे? आणि यजमान गटाने ‘जमिनीच्या वादात पडू नका’ अशी सूचना केली आहे. ती पाळून हा विषय मांडता येतो का? ज्यांना त्या प्रदेशाचा किंवा पशुपालकांचा अनुभव आहे त्यांनी मार्गदर्शन करावे.

नैरोबीहून परतलेला

मी एका पशुखाद्य व्यापाऱ्याकडे हिशेबनीस म्हणून चौदा वर्षे नैरोबीत होतो आणि वसुलीच्या निमित्ताने काजियादो व नारोक या दोन्ही काउंट्यांत पुष्कळ फिरलो आहे. मी अभ्यासक नाही. जे पाहिले आणि त्यामुळे पुढे जे वाचले, तेवढेच सांगतो.

पावसाविषयी त्यांना शिकवण्यासारखे आपल्याकडे फारसे काही नाही. तिथे मार्च ते मे हा लांब पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा आखूड पाऊस, असे दोन हंगाम असतात. २०२० च्या अखेरीपासून २०२२ च्या अखेरीपर्यंत लागोपाठ पाच हंगाम कोरडे गेले, चाळीस वर्षांत पडला नव्हता असा दुष्काळ पडला आणि एकट्या केनियात पंचवीस लाखांच्या आसपास जनावरे मेली. ज्याच्या दावणीची ऐंशीतील सत्तर गुरे गेली त्याला ‘हवामान बदलत आहे’ असा तक्ता दाखवणे मला तरी संकोचाचे वाटते. मात्र त्याला जे ठाऊक नसण्याची शक्यता आहे, ते असे की २०२३ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने या दुष्काळाचा हिशेब मांडून, मानवी कारणांनी झालेल्या तापमानवाढीमुळे त्याची शक्यता किमान शंभर पटींनी वाढली होती, असा निष्कर्ष काढला. पाऊस कमी पडला हे एक कारण. परंतु वाढलेल्या उष्णतेने जमिनीतील आणि गवतातील ओल शोषून घेतली, हे त्याहून मोठे कारण होते. हे वाक्य मसाई वडीलधाऱ्यांच्या हाती देण्यासारखे आहे, कारण ‘तुम्ही जास्त गुरे पाळलीत म्हणून गवत संपले’ हा आरोप त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे आणि त्याला उत्तर म्हणून हे वाक्य उपयोगी पडते.

आपण भूगोलाचे शिक्षक आहात, म्हणून एक जोड सुचवतो. त्यांच्या आणि आपल्या पावसाचा धनी एकच, हिंदी महासागर. त्याची पश्चिम बाजू तापली की पूर्व आफ्रिकेत पूर येतात. २०१९ मध्ये आले, २०२३ च्या शेवटी पुन्हा आले, म्हणजे दुष्काळात तगलेल्या गुरांपैकी काही त्या पुरात वाहून गेली. २०२३ चाच ऑगस्ट भारतात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता, हे आपल्या विद्यार्थ्यांना आठवत असेल.

आता जमिनीविषयी. यजमानांची सूचना मी समजू शकतो, पण ती पाळून हवामान न्यायावर बोलता येईल असे मला वाटत नाही. दुष्काळ हा त्या मुलखाला नवा नाही. दुष्काळातून वाचण्याचा त्यांचा उपाय म्हणजे गुरे घेऊन हिरवळ असेल तिकडे निघणे. वस्तीजवळचे थोडे रान वासरांसाठी आणि आजारी गुरांसाठी राखायचे, त्याला ते ‘ओलोपोलोली’ म्हणतात, आणि बाकीच्यांनी दूर जायचे. ही वाटच बंद होत गेली. १९०४ मध्ये इंग्रजांनी त्यांच्याशी करार करून रेल्वेलगतची रिफ्ट खोऱ्यातील उत्तम कुरणे गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी काढून घेतली आणि मसाई वंश अस्तित्वात असेपर्यंत हा करार टिकेल असे लिहून दिले. सात वर्षांनी, १९११ मध्ये, दुसरा करार पुढे करून त्यांना लैकिपियाच्या पठारावरूनही दक्षिणेकडे हाकलले. मसाई न्यायालयात गेले. १९१३ मध्ये न्यायालयाने सांगितले की हा दोन सार्वभौम सत्तांमधील तह असल्यामुळे त्यावर निवाडा करण्याचा आम्हांला अधिकार नाही. (त्या काळच्या तिथल्या कचेऱ्यांत कारकून म्हणून आपले गोमंतकीय मोठ्या संख्येने होते. या फायलींची नक्कल कोणाच्या हातून झाली असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.)

पुढे १९६८ च्या कायद्याने कुरणांच्या सामाईक मालकीची ‘ग्रूप रँच’ ही पद्धत आली. आपल्या गोव्यातील गावकरीशी, म्हणजे गावाची जमीन सामाईक ठेवणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेशी, तिचे थोडे साम्य आहे. ऐंशीच्या दशकापासून तिचे तुकडे पडून वैयक्तिक पट्टे झाले, कुंपणे आली, आणि नैरोबीच्या बाजूला कितेंगेलाच्या माळावर तर आज घरे आणि गोदामे उभी आहेत. म्हणून पाऊस हुकला तरी आता निघून जायला जागा नाही. हे न सांगता केवळ कार्बनविषयी बोललात, तर समोरची माणसे अकरा तक्ते निमूटपणे पाहतील, तसेच.

गुरांचा डॉक्टर, फोंडा

मिथेनचा प्रश्न टाळू नये, कारण तो कोणीतरी विचारणारच आणि त्यात तथ्यही आहे. केनियाच्या एकूण उत्सर्जनात पशुधनाचा वाटा मोठा आहे. रवंथ करणारे जनावर मिथेन सोडते, आणि निकृष्ट चाऱ्यावर जगणारे जनावर दुधाच्या प्रत्येक लिटरमागे अधिक सोडते. हे खोटे ठरवण्याचा प्रयत्न केलात तर आपलीच विश्वासार्हता जाईल. सांगायचे ते इतके की मिथेन सुमारे बारा वर्षांत विरून जातो आणि कोळसा-तेलातून निघालेला कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके राहतो. गुरांची संख्या साधारण स्थिर असेल तर हवेतील मिथेनही फारसा वाढत नाही, पण जळालेल्या प्रत्येक पिंप तेलाची भर मागच्या साठ्यावर पडतच राहते. केनियात दरडोई कार्बन डायऑक्साइड वर्षाला अर्ध्या टनाहूनही कमी आहे, भारतात दोन टनांच्या आसपास, अमेरिकेत चौदा टनांच्या घरात. आपण स्वतः विमानाने जाणार आहात, तेव्हा मधला आकडा गाळू नका.

दुसरी गोष्ट आपल्या घरची आहे. केनियात नैवाशाला मूळच्या पंजाबातील सहिवाल गाईंचे सरकारी पैदास केंद्र आहे आणि मसाईंनी आपल्या लहान चणीच्या झेबू (वशिंडाच्या) गुरांवर सहिवाल वळूंचा संकर मोठ्या हौसेने केला. अंग भरते, दूध वाढते, बाजारात किंमत येते. परंतु मोठ्या जनावराला चारा-पाणीही मोठे लागते, आणि दुष्काळात लांब चालणे त्याला जड जाते. कोणते जनावर पाळावे हे त्यांना सांगायला जाऊ नका. मात्र ‘सुधारित’ म्हणून दिलेली प्रत्येक गोष्ट नव्या हवामानात सुधारित राहतेच असे नाही, या चर्चेला तोंड फोडायला हे उदाहरण चांगले आहे.

आणि त्या बाईंच्या प्रश्नाला एक अर्धे उत्तर आहे. उत्तर केनियातील मार्साबित येथे २०१० पासून पशुविम्याचा एक प्रकार सुरू झाला, त्यात मेलेले जनावर दाखवावे लागत नाही. उपग्रहावरून कुरणांची हिरवाई मोजतात आणि ती ठरावीक पातळीखाली गेली की पैसे देतात. सोय चांगली आहे. दोष असा की उपग्रहाला झुडूप हिरवे दिसते, गाय ते खात नाही. शिवाय विम्याचा हप्ता गुराखी भरणार, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या नुकसानीची वर्गणी हाच भरणार. हा न्याय म्हणावा का, हे बैठकीतच विचारा.

पणजीची वाचक

इतक्या दूर जाऊन जागृती करण्यापूर्वी ती इथे करण्याची गरज नाही काय, असा प्रश्न मला प्रामाणिकपणे पडतो. बाकी एक बारीक सूचना. बैठकीत वडीलधारे पुरुष बोलतील आणि बायका मागे बसतील. तिथे घर बांधणे, पाणी आणणे आणि दूध काढणे ही बायकांची कामे आहेत, म्हणजे दुष्काळाचा पहिला हिशेब त्यांच्याकडेच असतो. त्यांची बैठक वेगळी घ्या, आणि ती दूध काढण्याच्या वेळी ठेवू नका.

वाड्यावरचा

मी धनगर-गवळी समाजाचा आहे. आपण आलात तो वाडा माझा नव्हे, पण त्या बाईंचा प्रश्न मी ओळखतो.

आमच्या म्हशी ज्या रानात चरत आल्या, ते रान १९९९ मध्ये म्हादई अभयारण्य झाले. त्यानंतर दर पावसाळ्याच्या तोंडाला एकच चर्चा असते, यंदा कुठपर्यंत जाऊ देतील. २०२० च्या जानेवारीत गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, तेव्हा संशय धनगर कुटुंबावर आला आणि माणसे अटकेत गेली. वाघ मारणे चूकच. त्याचे समर्थन कोणी करत नाही. परंतु वाघाने गुरे मारल्यावर नुकसानभरपाई वेळेत हाती पडते का, हे त्या महिन्यात फार थोड्यांनी विचारले.

वनहक्क कायदा २००६ चा. आम्हांला अजून अनुसूचित जमातीचा दर्जा नाही, म्हणून २००५ च्या डिसेंबरपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, या रानावर आमचे जगणे होते हे दाखवावे लागते. हिशेब केला तर १९३० साल येते, म्हणजे पोर्तुगीज राजवट. गुरांमागे वाडा हलवणाऱ्या माणसाकडे त्या काळचा कोणता कागद असणार? एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातील जमिनीच्या नोंदीवर, आमचे नाव नाही. माझ्या वडिलांना एका कचेरीतून दोनदा ‘पुरावा आणा’ म्हणून परत पाठवले. पुढे एका वकिलाने सांगितले की दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा तोंडी जबाब लिहून घेतला, तर तोही नियमांत पुरावा म्हणून चालतो. हे कळायला आम्हांला नऊ वर्षे लागली. आमच्या बाबतीत जाणीवजागृती म्हणायची असेल तर ती एवढीच, त्या एका नियमाची.

वर लिहिले आहे की मसाईंकडे करार होता. त्यांच्याकडे कागद होता तरी जमीन गेली, आमच्याकडे कागद नाही म्हणून जाते. तेव्हा तिथे कोणता कागद चालतो आणि कोणता नुसता दाखवण्यापुरता असतो, हे आधी शोधा. तक्ते मग करा.

नैरोबीहून परतलेला

वाड्यावरच्यांनी नेमके बोट ठेवले. चालणाऱ्या कागदांविषयी थोडी भर घालतो. केनियात २०१६ चा सामुदायिक जमीन कायदा आहे. त्याखाली समुदायाने नोंदणी केली तर जमीन समुदायाच्या नावे होते, आणि जुन्या ग्रूप रँचच्या नोंदवहीत बहुधा कुटुंबप्रमुख पुरुषच असत, तसे न राहता स्त्रियाही सभासद होऊ शकतात. त्याच वर्षी हवामान बदलाचा कायदाही झाला. अनेक काउंट्यांनी आपला हवामान निधी उभारला असून त्याचे प्रस्ताव वॉर्डाच्या समितीकडून वर जातात. विहीर दुरुस्त करायची की चराईचा मार्ग मोकळा करायचा, हे तिथे मांडता येते. त्या बाईंचा अर्ज स्वीकारणारी खिडकी असलीच तर ही आहे. आंतरराष्ट्रीय ‘हानी आणि नुकसान निधी’ २०२२ मध्ये शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत मान्य झाला आणि पुढच्या वर्षी दुबईत त्याला रूप आले, पण तो देशांसाठी आहे, कुटुंबाने अर्ज करण्याजोगा नाही. हे स्पष्ट सांगावे, उगीच आशा लावू नये.

आणि कार्बन करार. कुरणात ठरावीक पद्धतीने गुरे फिरवा, मातीत कार्बन साठेल, तो विकून पैसे देऊ, अशी बोलणी घेऊन लोक वस्त्यांवर येतात. हे करार तीस-चाळीस वर्षांचे असतात. त्यांत एक कलम गुरे कुठे आणि कधी न्यायची हे ठरवते. दुष्काळात निघून जाण्याची जी मोकळीक मी वर सांगितली, तीच इथे सहीने जाते. २०२५ च्या जानेवारीत इसिओलो येथील न्यायालयाने बोराना पशुपालकांच्या जमिनीवरील दोन वन्यजीव राखीव क्षेत्रे लोकांचा योग्य सहभाग न घेता स्थापन झाल्यामुळे बेकायदा ठरवली, आणि उत्तर केनियातील एक मोठा कार्बन प्रकल्प त्याच भागात चालत होता. समुदाय मसाई नाही, पण हा निकाल काजियादोत वाचून दाखवण्यासारखा आहे.

साखळीचा भूगोल शिक्षक

सर्वांचे आभार. पणजीच्या वाचकांना सांगतो, प्रश्न रास्त आहे. धनगरवाड्यावर मी सरावासाठी गेलो होतो, हे आता लिहितानाच खटकते आहे.

पहिले आठ तक्ते काढून टाकतो. शंभर पटींचा निष्कर्ष, दरडोई उत्सर्जनाचे तिन्ही आकडे आणि मिथेनचे उत्तर एवढे विज्ञान राहील. उरलेल्या जागेत वॉर्ड समितीपुढे प्रस्ताव कसा मांडायचा आणि कार्बन कराराच्या मसुद्यात कोणती कलमे आधी वाचायची, हे चित्रांतून दाखवता येईल का ते पाहतो. जमिनीच्या विषयावर यजमानांशी निघण्यापूर्वीच सविस्तर बोलेन. त्यांनी नकारच दिला तर माझे जाणे कितपत योग्य ठरेल, याचाही विचार करावा लागेल.

वाड्यावरच्यांना एक विनंती आहे. वडीलधाऱ्यांचे तोंडी जबाब ज्या नमुन्यात लिहून घेतले, त्याची एक प्रत मला मिळू शकेल का? तिथल्या लोकांना दाखवण्यासाठी, आणि त्याआधी सत्तरीतील त्या बाईंकडे पोहोचवण्यासाठी.

वाड्यावरचा

देतो. नावे खोडून देईन. त्या बाईंकडे मात्र मीच घेऊन जातो, आपण सोबत या.