मामाच्या रानात लाकडी बर्म बांधला, पहिल्याच पावसात बोंब

चाकमोड्या:
मंडळी मदत करा. मुळशीकडे मामाची उतारावरची पडीक जमीन आहे, तिथे आम्ही तिघं मिळून एमटीबीचा, म्हणजे डोंगरी सायकलचा, छोटा ट्रेल काढतोय. एका वळणावर आतल्या बाजूला कातळ वर आलाय, खणताच येत नाही, म्हणून पॅकिंगच्या पाइनच्या फळ्यांचा बर्म केला, म्हणजे वळणावर बाहेरच्या बाजूला वर चढत जाणारा तिरका कठडा. मे महिन्यात झकास चालला पण जूनची पहिली सर आली आणि पुढचं चाक असं सटकलं की मी थेट करवंदीच्या जाळीत. बाहेरचे दोन खांब पण खचलेत. फळ्या आम्ही वळणाच्या दिशेने लांबच लांब ठोकल्यात आणि उतार अंदाजपंचे. मामा म्हणतो सरपण करा.

सुतारपक्षी:
अहो फळ्या रुळासारख्या ठोकल्या तिथेच गणित चुकलं, टायर फटीत शिरणारच. चाक जातं त्याला आडव्या ठोका, खालून वर, शिडीच्या पायऱ्या असतात तशा. मधे १० मिमी फट पाणी आणि चिखल जायला. फक्त एक लक्षात घ्या, वळण असल्यामुळे खाली १० मिमी असलेली फट वर जाऊन ३५ पर्यंत उघडते, म्हणून फळ्या वर रुंद खाली अरुंद अशा कापा नाहीतर मधे मधे पाचरीसारखी पट्टी घाला. खाली दर दोन फुटांवर कैची, म्हणजे फळ्यांना तिरकं धरणारा लाकडी त्रिकोण. खिळे नको, स्क्रूच, खिळा महिनाभरात वर येतो आणि टायर फाडतो.
खांब मातीत पुरू नका हो, वाळवीला आमंत्रण. जुन्या वाड्यात खांब तळखड्यावर उभा असायचा ना, तसंच करा, सपाट दगड नीट बसवून त्यावर. लाकूड जुन्या लाकडाच्या वखारीतून घ्या, मोडलेल्या घरांचे सागाचे वासे मिळतात. आणि मामांच्या रानातला साग आहे म्हणून कुऱ्हाड घेऊन सुटू नका, जमीन स्वतःची असली तरी परवानगी लागते, १९६४ चा कायदा आहे. ग्रिपला वरून कोंबडीची जाळी.

त्रिज्याराव:
उताराचं मी सांगतो. १० मीटरवर दोन दगड ठेवा, ब्रेक न मारता या आणि मोबाईलवर वेळ लावा. २ सेकंद लागले तर ५ मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी १८ किमी. मग खुंटी रोवून दोरीने वळण आखा, समजा दोरी ४ मीटर. वेगाचा वर्ग २५, त्याला ४ गुणिले ९.८ (गुरुत्वाकर्षणाचा आकडा) ने भागा, ०.६४ येतं. कोनमापक पण नको, कैची कापताना १०० सेंमी आडवं तर ६४ सेंमी उभं, झालं, साधारण ३२ अंश. त्या स्पीडला टायरला बाजूला ओढणारं काही उरतच नाही, मग ओलं असो की कोरडं. पण २५ किमीने आलात तर तेच ५१ अंश होतं, वर्गाची करामत. म्हणून सरळ फळीपेक्षा बशीसारखा खोलगट करा, हळू येणारा खालून जाईल, जोरात येणारा वरून.

पावसातला_पंक्या:
मी कॅनडात नॉर्थ व्हँकुव्हरला असतो, इथे फ्रॉम आणि सीमोरच्या डोंगरावर लाकडी ट्रेलची परंपराच आहे, पडलेली सीडरची झाडं फाडून शिडीसारखे पूल बांधायचे. पण सीडर कुजायला वेळ घेतो तरी शेवटी कुजतोच, आणि ओला झाला की साबण. त्यामुळे आता बऱ्याच ठिकाणी दगड आणि मातीच वापरतात. तुम्ही पण कातळापुरतंच लाकूड ठेवा, आत येताना आणि बाहेर पडताना मुरूम ठोकून घ्या.
आणि सुतारपक्षी, जाळीबद्दल माफ करा पण पटत नाही. तुटली की तारा वर येतात, पडलात तर बर्मवरून घसरत जाता, हाताची खवणी होते. ऑइल पेंट ओला असताना वर चाळलेली वाळू टाका.

सुतारपक्षी:
पेंटची वाळू मुळशीच्या पावसात किती टिकते बघूच. जाळी दर दिवाळीला बदलायची, ५ मिनिटांचं काम.

पावसातला_पंक्या:
५ मिनिटं म्हणे, यू खिळे उपटून बघा कधी.

चाकमोड्या:
आज मोजलं. १.६ सेकंद आले आणि आमची दोरी जेमतेम ३ मीटर. म्हणजे ५३ अंश ना त्रिज्याराव? आमचा उतार १५ पण नसेल, मग करवंदीत जाणारच होतो. वळण ५ मीटरचं केलं तर ३८ वर येतंय, तेवढं जमेल, पण मग मधोमध मामाचा फणस येतो. संध्याकाळी विचारून बघतो त्याला, आधी मटण घेऊन जातो.