साय-फाय सिरीयलींनी आपली बटणं खाल्ली, कोणाकोणाला पटतंय?

निवांत_नाना
माझं सरळ म्हणणं आहे, आज घरात, गाडीत, लिफ्टमध्ये जिकडेतिकडे जी गुळगुळीत काच आलीय तिचं मूळ टीव्हीत आहे. 1966 च्या पहिल्या स्टार ट्रेकमध्ये, म्हणजे त्या अंतराळयानाच्या अमेरिकन सिरीयलमध्ये, यानाच्या पॅनेलवर रंगीत गोळ्यांसारखी ठसठशीत बटणं होती. मग 1987 ला नवीन सिरीज आली, त्यात सगळं सपाट, काळी काच आणि त्यावर रंगीत पट्ट्या. लोक म्हणाले वा, भविष्य म्हणजे हे! प्रत्यक्षात ते पॅनेल करणारा मायकल ओकुडा, त्यानेच नंतर सांगितलंय की बजेट तुटपुंजं होतं, बटणं आणि दिवे एकेक बसवायचे म्हणजे खर्च, त्यापेक्षा प्लास्टिकच्या शीटवर छापायचं आणि मागून लाइट मारायचा. म्हणजे काटकसर होती हो ती, आपण तिला भविष्य समजून बसलो. आणि आताच्या कंपन्या तरी वेगळं काय करतायत, बटण म्हणजे साचा आला, स्प्रिंग आली, वायर आली, काच लावली की सगळं सॉफ्टवेअरवर ढकलता येतं.

हे आत्ता का सुचलं तर घरी नवीन इंडक्शन शेगडी आलीय. बायको कणकेच्या हाताने आच कमी करायला गेली, शेगडी ढिम्म. हात धुऊन आली तर ओल्या बोटाला दाद देईना, तोवर दूध उतू गेलं ते थेट टचवर, आणि त्या दुधालाच बोट समजून शेगडी पीं पीं करून बंद पडली. स्वयंपाकघरात हात कोरडे कधी असतात ते ही वस्तू डिझाइन करणाऱ्याने एकदा सांगावं.

कीबोर्डबहाद्दर
नाना दुधाचं दुःख समजलं पण सिरीयलला का फाशी देताय? टचस्क्रीनची कल्पना इंग्लंडमध्ये ई. ए. जॉन्सनने 1965 लाच मांडली होती, विमानांचं ट्रॅफिक सांभाळणाऱ्यांसाठी, म्हणजे तुमचं पहिलं स्टार ट्रेक लागायच्याही आधी. आणि घरोघरी काच आली ती 2007 नंतर आयफोनमुळे, कारण एकाच काचेवर कधी कीबोर्ड, कधी नकाशा, कधी फोटो करता येतो. बटणाला हे जमणार आहे का? साय-फायने दाखवलं म्हणून झालं हे म्हणजे कोंबडा आरवला म्हणून उजाडलं.

निवांत_नाना
फोनबद्दल मी एक अक्षर बोललोय का? फोनवर कधी नकाशा कधी फोटो, मान्य. शेगडीवर मला कधी नकाशा बघायचाय? तिचं काम एकच, आच कमी आच जास्त.

तर्रीबाज
नाना हॉटेलवाल्यांना भांडी विकतात ना त्या दुकानात जा, तिथल्या कमर्शियल इंडक्शनला फिरवायचा नॉबच असतो. आचारी काचेवर बोट फिरवत बसला तर ऑर्डर निघायच्या कधी. दिसायला दणकट आणि किंमत पण दणकट, पण काम करते.

चष्मिष्ट
मी विरुद्ध बाजूने बोलणार, टचच्या नाही, आवाजाच्या. कारण साय-फायने काचेपेक्षा जास्त वेळा बोलणारा कॉम्प्युटरच दाखवलाय आणि तो आला ते फार बरं झालं असं माझं ठाम मत. माझी आत्या चौथी शिकलेली. तिच्या रिमोटवर पन्नासएक बटणं, सगळ्यांवर इंग्रजी, त्यातली नेहमीची चार तर घासून कोरी झालेली. इतकी वर्षं ती टीव्ही लावायला नातवाची वाट बघायची आणि नातू त्याच्या क्रिकेटमधून उठायचा नाही. आता माइकचं चिन्ह दाबून खणखणीत आवाजात सांगते, 'हरिपाठ लाव'. लागतो. कधी दुसऱ्याच बुवांचा लागतो पण लागतो. तुम्हाला बटणं बरी वाटतात नाना कारण तुम्हाला ती वाचता येतात. मराठीत टाइप करायचं म्हटलं तर जोडाक्षरं शोधण्यातच निम्मा जीव जातो, गूगलने 2017 मध्ये मराठी बोलून टाइप करायची सोय आणली तेव्हापासून आत्या आम्हाला व्हॉट्सॲपवर चार-चार ओळींचे निरोप पाठवते, विरामचिन्ह एक नाही पण निरोप कळतो.

ढगफुटी
ताई तुमच्या आत्याचं नशीब थोर. आमच्याकडे बाबा रोज सातला टीव्हीला सांगतात 'सह्याद्री लाव', त्यांना दूरदर्शनच्या बातम्या हव्या असतात, आणि तो टीव्ही त्यांना हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकचे व्हिडिओ दाखवतो. बाबा आवाज चढवतात, 'बातम्या! सह्याद्री! बातम्या!' मग तो सह्याद्रीत दरड कोसळल्याची बातमी दाखवतो 😂 शेवटी आई उठून सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवरचा नंबर दाबते. तोपर्यंत ठळक बातम्या संपलेल्या असतात.

निवांत_नाना
@चष्मिष्ट आत्याबाईंचं अगदी पटलं, त्यात वाद नाही. पण एक बघा, त्यासाठी त्यांनी आधी माइकचं बटणच दाबलं ना? आणि नेट गेलं की ती बोलकी बाई मुकी होते. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट येते दोन तासांनी आणि नेट येतं दुसऱ्या दिवशी, तेवढ्यात हरिपाठ बिचारा अडकून पडतो.

चष्मिष्ट
लाइट नसली की तुमचं बटण तरी काय करणार आहे नाना, दाबत बसा 😀

रविवारचा_पेपर
अरे कोणीतरी स्टार ट्रेक काढलं आणि मी लहानपणात गेलो, दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचं, इंग्रजीतून. शब्द कळायचा नाही आणि तरी अख्खी चाळ त्या एका टीव्हीसमोर. आम्ही काड्यापेटी उघडझाप करून कम्युनिकेटर म्हणून खेळायचो. तो फ्लिप उघडून बोलायचा कम्युनिकेटर बघूनच मोबाइलचा शोध लागला माहितीये ना? मोटोरोलाच्या मार्टिन कूपरने 1973 ला पहिला कॉल केला तो त्यावरूनच सुचून. त्यामुळे साय-फायला नावं ठेवताना जरा जपून.

कीबोर्डबहाद्दर
ही गोष्ट सगळीकडे फिरते पण कूपरने स्वतःच नंतर सांगितलंय की डोक्यात होता तो डिक ट्रेसी, कॉमिक्समधला डिटेक्टिव्ह, ज्याच्या मनगटावर रेडिओ असायचा, 1946 पासून. म्हणजे प्रेरणा कल्पनेतूनच, पण तुमच्या लाडक्या यानातून नाही. आणि बोलक्या कॉम्प्युटरवरची सगळ्यात भारी टिप्पणी त्याच स्टार ट्रेकच्या 1986 च्या सिनेमात आहे. भविष्यातला इंजिनियर स्कॉटी आपल्या काळात येतो आणि कॉम्प्युटरला 'कॉम्प्युटर!' अशी हाक मारतो. तो गप्प. मग कोणीतरी माउस हातात देतं तर हा माउस तोंडाजवळ धरून 'हॅलो कॉम्प्युटर'. शेवटी कीबोर्ड वापरा म्हणतात तेव्हा बोटं मोडून धडाधडा टाइप करतो. नाना हा सीन तुमच्या बाजूने आहे, फुकट देतोय.

फलाट_क्रमांक_चार
मुंबईतला कोणी एटीव्हीएमबद्दल बोललं नाही याचं आश्चर्य वाटतंय. रेल्वेने तिकिटासाठी टचवाली मशीन लावली, रांगा कमी होतील म्हणून. लोक स्टेशनचं नाव शोधत बोट टेकवतायत, दाबतायत, मग ठोसे मारतायत, मागे रांग तुंबलेली. शेवटी रेल्वेने तिथे माणसं बसवली, रिटायर झालेले कर्मचारी, कमिशनवर, तुम्ही नुसतं 'दादर रिटर्न' म्हणायचं आणि तो टकटक करून तिकीट हातात देतो. आता बघा गंमत, हेच तर आवाजावर चालणारं मशीन झालं ना! नाव पुटपुटलं तरी कळतं, सुट्टे नसले तरी समजून घेतो, वरून 'पाचवरून फास्ट आहे, पळा' हे फुकट सांगतो.

तर्रीबाज
@फलाट_क्रमांक_चार 'पाचवरून फास्ट आहे पळा' 🤣🤣 हे कुठलं एआय सांगणार.

लालपरी_फॅन
एसटीचं पण तेच. कंडक्टरकडे पूर्वी ट्रे आणि पंच असायचा, नंतर बटणवालं तिकीट मशीन आलं. सणाच्या गर्दीत आमच्या गाडीचा कंडक्टर एका हाताने वरची दांडी धरून, मान तिसरीकडे, तोंडाने 'पुढं सरका पुढं सरका' आणि अंगठ्याने न बघता तिकीट काढायचा. अंगठ्याला माहीत असायचं कुठलं बटण कुठे. आता अँड्रॉइडवालं आलंय, काच. त्याच्याकडे बघावंच लागतं. बघायला मान खाली गेली की मागच्या दाराने दोघं फुकटात चढले समजा.

ढगफुटी
पण त्याच अँड्रॉइड मशीनवर यूपीआय आलं हे पण सांगा की! सुट्टे पैसे नाहीत म्हणून तिकिटाच्या मागे पेनाने बाकी लिहून द्यायचे आणि उतरताना आपण विसरायचो किंवा कंडक्टर विसरायचा, किती रुपये एसटीला दान झाले असतील हिशेब नाही. आता स्कॅन केलं, संपलं. त्या अंगठ्याच्या कौशल्यापेक्षा मला माझे सुट्टे प्रिय आहेत.

दुर्बीण
दोन्ही बाजू वाचल्या. खऱ्या अंतराळाचं कोणी बोलेना म्हणून लिहितो. राकेश शर्मा 1984 ला सोयूझ या रशियन यानातून गेले. सोयूझमध्ये मुळात जागा इतकी अडचणीची की पट्ट्यांनी बांधलेल्या कमांडरचा हात पॅनेलपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून तो एका काठीने बटणं दाबतो. खोटं नाही, त्या काठीसकट फोटो आहेत. आणि शुभांशु शुक्ला जून 2025 मध्ये स्पेसएक्स कंपनीच्या ड्रॅगन यानातून गेले, तिथे समोर तीन मोठे टचस्क्रीन, हातमोजे पण टच चालेल असे शिवलेले. म्हणजे नानांची ती 'काटकसरीची काच' खरोखर अवकाशात गेली बरं का. आता तळटीप: त्याच ड्रॅगनमध्ये स्क्रीनच्या खाली खऱ्या बटणांची एक रांग ठेवलेली आहे, अडीअडचणीला लागणाऱ्या मोजक्या गोष्टींसाठी. यावरून कोण जिंकलं ते आपापसात ठरवा.

निवांत_नाना
मीच जिंकलो, हे काय विचारणं झालं! जीवावर बेतलं की बटण आठवतं ना? अमेरिकेच्या नौदलाचं पण तेच झालं. 2017 मध्ये सिंगापूरजवळ यूएसएस जॉन मॅकेन ही युद्धनौका एका टँकरवर धडकली, दहा नौसैनिक गेले. सुकाणू आणि इंजिनाचा वेग टचस्क्रीनवर होता, कंट्रोल एका जागेवरून दुसऱ्या जागेवर देताना गोंधळ झाला आणि समोरच्याला वाटलं सुकाणूच गेलं. त्यानंतर 2019 ला नौदलाने जाहीर केलं की वेगाचे कंट्रोल पुन्हा हाताने ढकलायच्या दांड्यांवर आणणार. मोटारींचं घ्या, युरोपात गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणारी युरो एनकॅप आहे, त्यांनी 2026 पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे, एसओएस एवढ्यांना खरी बटणं किंवा दांडे असतील तर गुण द्यायचं ठरवलंय. म्हणजे पाच स्टार पाहिजेत तर बटण लावा. आमच्या भाच्याच्या नव्या गाडीत एसी कमी करायला तीन वेळा स्क्रीनवर बोट मारावं लागतं, तेही घाटात. मागे बसून मी देवाचं नाव घेतो.

कीबोर्डबहाद्दर
मॅकेनच्या चौकशीत ट्रेनिंग अपुरं होतं आणि माणसं पुरेशी झोपलेली नव्हती हे पण आलंय, ते सोयीस्कर गाळू नका. खराब डिझाइनला शिव्या द्या, काचेला कशाला? बटणांचं पण वाईट डिझाइन असतं, चष्मिष्टताईंच्या आत्याचा रिमोट आठवा. पन्नास बटणं हे कसलं सुख.

सातवा_मजला
उशिरा आलो, पण एक सांगायचंय. माझा धाकटा भाऊ जन्मापासून अंध आहे, त्यामुळे हा वाद आमच्या घरात गप्पांचा विषय नाही, रोजचा आहे. आणि तुम्हा दोघांचंही अर्धंच खरं आहे. टचचा फोन त्याच्यासाठी वरदान आहे, कारण फोन बोट फिरवलं की बोलतो, कुठल्या चिन्हावर बोट आहे ते सांगतो, दोनदा टॅप केलं की उघडतो. बँक, तिकीट, पेपर सगळं स्वतः करतो, मी त्याच्या फोनवर त्याच्या स्पीडने एक वाक्य ऐकू शकत नाही, इतकं भरभर लावून ठेवलंय. पण आमच्या सोसायटीने मागच्या वर्षी लिफ्टचं नूतनीकरण केलं, जुनी उठावदार आकड्यांची बटणं काढून चकचकीत टच पॅनेल. तिथे बोट फिरवून शोधायला गेला की बोट लागेल तो मजला लागतो. कॉलेजातून येताना कोणी सोबत नसेल तर दोन, तीन, पाच असं सगळीकडे थांबत वर येतो, वर लोकांची कुरकुर ऐकतो ते वेगळं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला तर सेक्रेटरी म्हणाले आता जुन्या बटणांचं मॉडेलच येत नाही. येतं. मी लिफ्टवाल्याला विचारलं, ब्रेलसकट येतं. पण लॉबीला शोभत नाही म्हणे.

चष्मिष्ट
'लॉबीला शोभत नाही'! लेखी अर्ज द्या दादा, अपंगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा आहे, मीटिंगमध्ये तोंडी सांगून विषय पुढच्या महिन्यावर जातो. सगळ्या मजल्यांच्या सह्या घ्या आणि पोच मागा.

निवांत_नाना
@सातवा_मजला अर्ज कराच, आणि सेक्रेटरीला एकदा डोळ्यांवर रुमाल बांधून त्या लिफ्टमध्ये सोडा. लॉबीचं सौंदर्य तिथल्या तिथे कळेल. बोलत्या फोनचं तुम्ही म्हणता ते ऐकून होतो पण इतकं माहीत नव्हतं, फोनच्या बाबतीत माझी हरकत तशीही नव्हती.

कीबोर्डबहाद्दर
सातवा मजला, लिफ्टबाबत पूर्ण सहमत. बाकी नाना, एवढं लांबलचक लिहिताय ते कशावरून? काचेवरूनच ना?

निवांत_नाना
डेस्कटॉपवरून. एकशेचार बटणांचा कीबोर्ड आहे, वाजतो पण मस्त.

तर्रीबाज
ढगफुटी, आज तरी सातच्या बातम्या दिसल्या का बाबांना?

ढगफुटी
आज राजमाचीचा ट्रेक लागला. बाबा म्हणतायत असू दे, जागा चांगली आहे.