‘सोल्जर’ मिठाचा की नाण्याचा?

प्रश्न : ‘सोल्जर’ हा शब्द लॅटिन ‘साल’ म्हणजे मीठ यावरून आला, रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा, असं एका व्याख्यानात ऐकलं. आपल्याकडे ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ आहेच, त्यामुळे लगेच पटलं. हे खरं आहे का?

उत्तर : पटण्यासारखं आहे, पण तसं नाही. मिठावरून आला तो ‘सालारिअम’, म्हणजे आजची ‘सॅलरी’. पण सैनिकांना पगार म्हणून मीठ वाटत, याला पुरावा नाही. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात साध्या पायदळ सैनिकाला वर्षाला 225 दिनारी, म्हणजे चांदीची नाणी, मिळत.

‘सोल्जर’चं मूळ ‘सोलिदुस’ या नाण्यात आहे. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट कॉन्स्टन्टाइनने पाडलेलं हे सोन्याचं नाणं. एका रोमन पौंडात 72 बसत, म्हणजे एकेक साधारण साडेचार ग्रॅमचं. सोलिदुस म्हणजे भरीव. इटालियनमध्ये त्याचं ‘सोल्दो’ झालं, फ्रेंचमध्ये ‘सू’, स्पॅनिशमध्ये ‘सुएल्दो’. स्पॅनिश माणूस आजही पगाराला सुएल्दोच म्हणतो. पैसे देऊन पदरी ठेवलेला तो इटालियन ‘सोल्दातो’, स्पॅनिश आणि पोर्तुगीज ‘सोल्दादो’. फ्रेंच ‘सोल्दा’ हा इटलीहून उचललेला. जुन्या फ्रेंचमध्ये याच नाण्यावरून घडलेला ‘सुदिए’ आधीपासून होता आणि इंग्रजी ‘सोल्जर’ त्याच्यापासून आला.

मला खरा विचार करण्यासारखा वाटतो तो दुसराच शब्द. लॅटिनमध्ये सैनिक म्हणजे ‘मीलेस’. एवढ्या मोठ्या साम्राज्याचं सैन्य ज्या नावाने ओळखलं गेलं, ते नाव लॅटिनपासून निघालेल्या या भाषांच्या रोजच्या बोलण्यात राहिलं नाही. ‘मिलिटरी’सारखे शब्द पुढे शिकलेल्यांनी ग्रंथांतल्या लॅटिनवरून घेतले. युद्धाचा ‘बेल्लुम’ही गेला, त्याच्या जागी जर्मानिक टोळ्यांचा शब्द ‘गेर्रा’ होऊन बसला.

लॅटिनचीच लेक असलेल्या रोमानियन भाषेने मात्र वेगळी वाट धरली. तिथे सैन्याला ‘ओआस्ते’ आणि सैनिकाला ‘ओस्ताश’ म्हणतात. हे आले लॅटिन ‘होस्तिस’वरून, म्हणजे शत्रूवरून! समोर उभं ठाकलेलं शत्रूचं दळ, मग कोणतंही दळ, मग आपलंही. आणि ‘वेतेरानुस’, म्हणजे नोकरी पुरी केलेला जुना सैनिक, त्याचं रोमानियनमध्ये ‘बत्रन’ झालं. अर्थ? नुसता म्हातारा. निवृत्त शिपाई गावोगाव वस्ती करून राहत, तेव्हा हे नाव सगळ्याच वृद्धांना लागलं असावं, असा माझा तर्क.

पुन्हा प्रश्न : मग सोल्दादोला मराठीत शब्दशः ‘पगारी’ म्हणता येईल?

उत्तर : अगदी. शिवाय आपला ‘पगार’ही तिकडचाच आहे! पोर्तुगीज ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणं. त्यामागे लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणं, आणि त्यामागे ‘पाक्स’, शांतता. देणेकऱ्याने पैसे टाकले की घेणेकरी शांत होतो, म्हणून.

आणखी एक : ‘प्यून’ यात बसतो का? ऑफिसातल्या शिपायाला पूर्वी सर्रास प्यून म्हणत.

उत्तर : छान आठवण केलीत. लॅटिन ‘पेदो’ म्हणजे पायाने चालणारा. त्याचं पोर्तुगीजमध्ये ‘पियांव’ झालं, पायदळातला सैनिक. स्पॅनिशमध्ये तोच ‘पेओन’, मजूरही आणि बुद्धिबळातलं प्यादंही. हिंदुस्थानात इंग्रजांच्या कचेऱ्यांत पोचेपर्यंत तो निरोप्या झाला. आता आपल्या ‘शिपाई’कडे पाहा. फारसी ‘सिपाही’, सैन्यातला माणूस, पण मराठीत तोही टेबलावर फाइल आणून ठेवायला लागला. दोन वेगळ्या कुळांतले शब्द एकाच खुर्चीशेजारी येऊन उभे राहिले.

फारसीतून आलेलं आपलं ‘प्यादं’ आणि संस्कृत ‘पदाति’ हेही पायावरचेच, आणि लॅटिन ‘पेस’, संस्कृत ‘पद’ हे सगळे मुळात एकाच धातूचे. म्हणजे प्यून आणि प्यादं हे लांबचे भाऊ निघाले, एक लिस्बनमार्गे आलेला, दुसरा इराणमार्गे. शिपाई त्या घरातला नाही; पण ‘पोलीस शिपाई’ या पदात त्याचा जुना बाणा अजून टिकून आहे.